अणूंचे वजन करणारा कारागीर : फ्रान्सिस विल्यम ॲस्टन

रसायनशास्त्राच्या पुस्तकाशी दहावीपर्यंत तरी ज्यांचा संबंध आला, त्या आमच्या वाचकांना क्लोरीनचा अणुभार 35.5 हा आकडा आजही आठवत असेल. हायड्रोजन 1, कार्बन 12, ऑक्सिजन 16, सोडियम 23 अशी पूर्णांकांची सरळ रांग पाठ करीत जावे आणि क्लोरीनपाशी येऊन अडखळावे, हा अनुभव वसतिगृहाच्या दिव्याखाली बसून घोकंपट्टी करणाऱ्या प्रत्येक पिढीने घेतला आहे. बहुतेकांनी तो अर्धा मुकाट्याने पाठ केला. हा अर्धा आला कोठून, असे ज्या थोड्या मुलांनी विचारले असेल, ती मात्र नकळत युरोपातील थोर रसायनशास्त्रज्ञांच्या पंक्तीला जाऊन बसली होती. कारण त्या मंडळींनाही या प्रश्नाने शंभर वर्षे झोप येऊ दिली नव्हती. त्याचे उत्तर ज्यांनी आपल्या हातांनी घडविलेल्या यंत्राच्या बळावर दिले, त्या फ्रान्सिस विल्यम ॲस्टन यांचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. मँचेस्टरचे शिक्षक जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अणुसिद्धांत मांडला, तेव्हा त्यांनी असे गृहीत धरले की, एका मूलद्रव्याचे सर्व अणू वजनाने तंतोतंत सारखे असतात. पुढे 1815 साली विल्यम प्राउट या लंडनच्या वैद्याने असे सुचविले की, सगळी मूलद्रव्ये मुळात हायड्रोजनचीच बनलेली असावीत. कारण अनेकांचे अणुभार हायड्रोजनच्या पूर्णपटीत येतात. कल्पना मोहक होती. पण तराजू जसजसे अचूक होत गेले तसतशी ती कोसळत गेली. क्लोरीनचा अणुभार कितीही काळजीपूर्वक मोजला तरी 35.46 च्या आसपासच येई. निऑनचा 20.2 येई. प्राउट चुकले, असा निकाल लागला आणि प्रकरण मिटले.

पण त्या मोजमापात एक गोम होती. रसायनशास्त्रज्ञ एका अणूचे वजन करीत नव्हते, करू शकतही नव्हते. ते अब्जावधी अणूंचे एकत्र वजन करून सरासरी काढीत होते. एखाद्या बाकावर चार मुले बसली आहेत आणि त्यांचे सरासरी वजन 35.5 किलो भरले, एवढ्यावरून त्यांपैकी एकाचे तरी वजन साडेपस्तीस किलो आहे असे म्हणता येत नाही. तिघे 35 किलोचे व एक 37 किलोचा असला तरी सरासरी तीच येईल. हे कळायचे तर प्रत्येक मुलाला वेगळे उभे करून तोलले पाहिजे. अणूंच्या बाबतीत हे तोलणे कसे करावे, हाच खरा प्रश्न होता.

ॲस्टन यांचा जन्म 1 सप्टेंबर 1877 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या हार्बोर्न या गावी झाला. वडील धातूंचे व्यापारी होते आणि शेतीही करीत; आई बंदुका बनविणाऱ्या घराण्यातील होती. बर्मिंगहॅम हे त्या काळी लोहार, ओतारी, बंदूकवाले, यंत्रे जुळविणारे यांचे शहर होते आणि त्या शहराचा संस्कार या मुलाच्या हातांवर कायमचा उमटला. अभ्यासात तो हुशार होता, तरी त्याचा खरा जीव घरच्या माळ्यावर थाटलेल्या कार्यशाळेत होता. तेथे तो शोभेची दारू बनवी, पातळ कागदाचे मोठमोठे उडते फुगे तयार करी, काच तापवून फुंके. मॅल्व्हर्न कॉलेज या निवासी शाळेतून बाहेर पडल्यावर त्याने बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात प्रवेश घेतला. तेथे फ्रँकलंड यांच्या हाताखाली त्याने टार्टारिक आम्लाच्या संयुगांवर संशोधन केले. हेच कॉलेज पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठ झाले.

मग उदरनिर्वाहाचा प्रश्न आला. 1900 साली ॲस्टन यांनी एका मद्यनिर्मिती कारखान्यात रसायनतज्ज्ञाची नोकरी धरली आणि तेथे तीन वर्षे काढली. ही नोकरी आमच्या काही वाचकांना रुचणार नाही. पण आंबविण्याच्या क्रियेवर रोजच्या रोज नजर ठेवावी लागणाऱ्या त्या कामात नेटके मोजमाप करण्याची सवय अंगी बाणत असे, हेही ध्यानात घ्यावे. दिवसा कारखाना आणि रात्री माळ्यावरची कार्यशाळा, असा त्यांचा क्रम चालला होता. 1895 मध्ये रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले होते आणि आतली बहुतेक हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली असता जी नवलाची चमक दिसते, तिने ॲस्टन यांना झपाटले होते. हवा उपसणारे पंप ते स्वतः बनवीत, नळ्या स्वतः फुंकीत. 1903 मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि ते भौतिकशास्त्राकडे वळले. नळीतील ऋणाग्राला लागून एक बारीक काळोखी पट्टी असते, ती त्यांनीच दाखवून दिली. आजही तिला ॲस्टन यांचे नाव आहे.

1908 मध्ये वडील वारले. हाती काही पैसा आला आणि ॲस्टन जगप्रवासाला निघाले. परतल्यावर ते बर्मिंगहॅमला शिकवू लागले न लागले तोच केंब्रिजहून बोलावणे आले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख सर जे. जे. थॉमसन यांना मदतनीस हवा होता. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे हे थोर शास्त्रज्ञ हाताने फारसे कुशल नव्हते. त्यांच्या यंत्रांजवळ ते स्वतः न आलेलेच बरे, असे त्यांचे सहकारी गमतीने मानीत. 1910 मध्ये तेहेतीस वर्षांचे ॲस्टन त्यांचे साहाय्यक झाले. त्या वयात दुसऱ्याचा मदतनीस होणे अनेकांना कमीपणाचे वाटले असते. ॲस्टन यांना तसे वाटल्याचे काही दिसत नाही.

थॉमसन त्या वेळी धनकिरणांचा अभ्यास करीत होते. विरळ वायूत वीज खेळली की काही अणूंतून इलेक्ट्रॉन निसटतात. उरलेला अणू धनभारित होतो आणि ऋणाग्राकडे वेगाने धाव घेतो. ऋणाग्राला बारीक छिद्र पाडले तर हे धावणारे अणू पलीकडे निघून जातात. तेथे त्यांना विजेच्या आणि चुंबकाच्या ओढीत धरले की ते आपल्या वाटेवरून वळतात. खळ्यावर उफणणी करताना वारा हलका भुसा दूर नेतो आणि दाणा जवळ पडतो. तसेच येथे हलका अणू अधिक वळतो, जड अणू कमी. थॉमसन यांच्या यंत्रात प्रत्येक वजनाचे अणू छायाचित्रणाच्या काचेवर आपापली एक वक्र रेघ उमटवीत. ही रेघ अन्वस्ताच्या आकाराची असे.

1912 मध्ये या यंत्रात निऑन वायू सोडला, तेव्हा 20 च्या जागी रेघ उमटली हे ठीकच होते. पण शेजारी 22 च्या जागी दुसरी, फिकट रेघ उमटली. कितीही शुद्ध केलेला निऑन घेतला तरी ती रेघ हटेना. आता येथे काय ते ठरवायचे होते. एक तर 22 भाराचा एखादा नवाच वायू निऑनमध्ये मिसळलेला असेल, किंवा निऑन व हायड्रोजन यांचे काही विचित्र संयुग असेल, किंवा स्वतः निऑनच दोन वजनांचा असेल. हा तिसरा पर्याय डाल्टन यांच्या गृहीताच्या मुळावरच येत होता. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या बाबतीत फ्रेडरिक सॉडी यांनी अशी कल्पना मांडली होती खरी, आणि 1913 मध्ये अशा अणूंना समस्थानिक हे नावही दिले. म्हणजे आवर्तसारणीत एकच स्थान, परंतु वजने वेगळी. पण ती होती युरेनियम-थोरियमसारख्या ढासळत्या अणूंची गोष्ट. साध्या, स्थिर निऑनच्या बाबतीत असे काही मानायला थॉमसन मनापासून तयार नव्हते.

ॲस्टन यांनी वाद घालण्यापेक्षा वायूच वेगळे करायचे ठरविले. द्रवरूप हवेने गार केलेल्या कोळशात निऑन शोषवून तो अंशाअंशाने सोडण्याचा प्रयोग त्यांनी पुनःपुन्हा केला. हाती काही लागले नाही. मग त्यांनी भाजक्या पांढऱ्या मातीच्या नळीतून निऑन झिरपू दिला. हलका अणू अशा सच्छिद्र भिंतीतून किंचित लवकर पार होतो. पण तो फरक इतका अल्प असतो की, झिरपणे, गोळा करणे, पुन्हा झिरपविणे हे चक्र हजारो वेळा फिरवावे लागले. शेवटी जे दोन भाग हाती आले त्यांच्या घनतेत फरक होता फक्त शेकडा सात-दशांशाचा. तोही मोजण्यासाठी त्यांना क्वार्ट्झचा एक सूक्ष्म तराजू बनवावा लागला. 1913 च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅम येथे, म्हणजे स्वतःच्याच गावी, ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी हा निष्कर्ष वाचला. पुरावा होता, पण बारीक होता, आणि शंका घेणाऱ्याला शंकेची जागा होती.

इतक्यात महायुद्ध आले. ॲस्टन यांची रवानगी फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात झाली. तेव्हाच्या विमानांचे पंख कापडाचे असत आणि त्यांवर लेप चढवावा लागे. त्या लेपांच्या रसायनावर त्यांनी तेथे काम केले. चार वर्षे संशोधन थांबले, विचार मात्र थांबला नाही. कारण त्याच ठिकाणी फ्रेडरिक लिंडेमान नावाचा अत्यंत तल्लख भौतिकशास्त्रज्ञ होता आणि निऑनची दोन रूपे असणे शक्य नाही असे त्याचे मत होते. दोघांचा वाद दीर्घकाळ चालला. लिंडेमान यांचे गणित ॲस्टन यांच्यापेक्षा कितीतरी सरस होते. मात्र या वादाचा लाभ असा झाला की, समोरच्याला निरुत्तर करायचे असेल तर मापनाची अचूकता कोठवर न्यावी लागेल, हे ॲस्टन यांना नेमके कळून चुकले. युद्ध संपताच 1919 मध्ये दोघांनी मिळून समस्थानिक वेगळे करण्याच्या शक्यतांवर एक निबंधही प्रसिद्ध केला. विरोधकाबरोबर निबंध लिहिणे आम्हांला फार सुंदर वाटते.

केंब्रिजला परतल्यावर त्याच वर्षी ॲस्टन यांनी जे यंत्र उभे केले, त्याला त्यांनी मास स्पेक्ट्रोग्राफ म्हणजे वस्तुमान वर्णपटलेखक असे नाव दिले. थॉमसन यांच्या यंत्राची उणीव अशी होती की, एकाच वजनाचे अणू वेगवेगळ्या वेगांनी येत, म्हणून ते लांबच लांब वक्र रेघेवर पसरून जात. रेघ फिकट पडे आणि शेजारची रेघ तीत मिसळे. ॲस्टन यांनी धनकिरण केसाहूनही अरुंद अशा दोन फटींतून एकामागून एक काढून त्यांची पातळ पात बनविली. ही पात आधी विजेच्या क्षेत्रातून जाई. तेथे वेगवान अणू थोडे वळत, मंद अणू जास्त वळत, आणि पात पंख्यासारखी उघडे. मग हे सर्व चुंबकाच्या क्षेत्रात शिरे आणि तेथे उलट दिशेला वळविले जाई. दोन्ही वळणांचे प्रमाण असे साधले होते की, वेगामुळे फाकलेले एकाच वजनाचे अणू पुन्हा एका ठिकाणी गोळा व्हावेत. जड-हलक्यांची वाटणी कायम राहिली आणि वेगाचा गोंधळ तेवढा पुसला गेला. छायाचित्रणाच्या काचेवर प्रत्येक वजनाची एक बारीक, ठळक, सरळ रेघ उमटली. त्रिकोणी लोलकातून गेलेल्या प्रकाशाच्या जशा रंगरेषा दिसतात, तशा या वजनांच्या रेषा होत्या. हजारात एक भाग इतकी या यंत्राची अचूकता होती. एवढे सोपे वाटणारे हे यंत्र चालविणे मात्र महाकठीण होते. नळ्या फुटत, सांधे गळत, निर्वात टिकत नसे. ते चालते ठेवण्याची हातोटी बहुतांशी ॲस्टन यांच्या बोटांत होती.

निऑनचा निकाल लगेच लागला. 20 वर रेघ, 22 वर रेघ, आणि 20.2 वर काहीच नाही. मग क्लोरीन यंत्रात गेला. 35 वर ठळक रेघ, 37 वर फिकट रेघ, आणि साडेपस्तिसावर कोरी काच. शंभर वर्षे ज्या अर्ध्याने सतावले तो अर्धा निसर्गात नव्हताच. तो आमच्या भागाकारात होता. तीन अणू 35 चे आणि एक 37 चा, अशी ती जवळपास वाटणी होती. पाठोपाठ आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, पारा यांची पाळी आली. एकट्या क्रिप्टॉनचे सहा प्रकार निघाले. ऑक्सिजन 16 धरला तर साऱ्या अणूंची वजने यंत्राच्या अचूकतेत पूर्णांक निघतात, असा नियम ॲस्टन यांनी मांडला. प्राउट यांचे म्हणणे एक शतकानंतर निराळ्या रूपात परत आले होते.

हे सर्व सुरळीत स्वीकारले गेले असे नाही. 1921 च्या मार्च महिन्यात रॉयल सोसायटीत समस्थानिकांवर चर्चा झाली, तिचा आरंभ स्वतः थॉमसन यांनी केला आणि ॲस्टन यांच्या निष्कर्षांवर त्यांनी शंका घेतल्या. हायड्रोजन जोडलेली संयुगेच अशा रेघा देत नसतील कशावरून, असा त्यांचा रोख होता. ज्यांनी केंब्रिजला आणले, ज्यांच्या प्रयोगातून ही वाट फुटली, त्या गुरूंनीच भर सभेत असे म्हणावे, ही गोष्ट सोपी नव्हती. तरी ॲस्टन यांनी आपला निष्कर्ष मागे घेतला नाही आणि गुरूंचा अनादरही केला नाही. त्यांनी आणखी मूलद्रव्ये तोलली, एवढेच. आक्षेप हळूहळू विरून गेला.

1922 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मद्याच्या कारखान्यात नोकरी केलेला, कोणाचा तरी मदतनीस म्हणून केंब्रिजला आलेला हा माणूस त्या डिसेंबरात स्टॉकहोमला गेला, तेव्हा त्याच समारंभात भौतिकशास्त्राचे पारितोषिक नील्स बोर यांना आणि मागील वर्षाचे रसायनाचे राखून ठेवलेले पारितोषिक सॉडी यांना दिले गेले. समस्थानिकांची कल्पना ज्यांनी मांडली ते आणि साध्या मूलद्रव्यांत ती ज्यांनी दाखविली ते, असे दोघे एकाच व्यासपीठावर होते.

पूर्णांकांच्या नियमाला एक अपवाद होता आणि तो ॲस्टन यांनी लपविला नाही. हायड्रोजन 1 नव्हता, 1.008 होता. हेलियम मात्र 4 च्या अगदी जवळ होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे चार हायड्रोजन मिळून एक हेलियम होत असेल तर वजन 4.032 भरायला हवे. उरलेले तीन-शतांश गेले कोठे? आइन्स्टाइन यांच्या समीकरणाप्रमाणे ते ऊर्जा होऊन गेले असले पाहिजे. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी 1920 मध्ये या मापनावर बोट ठेवले आणि सूर्य कोट्यवधी वर्षे कशावर जळतो याचे उत्तर येथे असावे, असे सांगितले. केंब्रिजच्या खोलीतल्या एका काचेवरील बारीक रेघेने सूर्याच्या पोटातील व्यवहार उघड करावा, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आम्हांला सर्वांत विलक्षण वाटते. या घटीचा माग काढण्यासाठी ॲस्टन यांनी दहा हजारांत एक भाग इतके अचूक दुसरे यंत्र बनविले आणि 1927 मध्ये अनेक अणूंची ही घट आलेखावर मांडली. मध्यम वजनाचे अणू सर्वांत घट्ट बांधलेले. फार हलके व फार जड अणू त्या मानाने सैल. हलके जोडले तर ऊर्जा निघेल, जड फोडले तरी निघेल. अणुयुगाची सारी भूमिका त्या आलेखात होती.

या दुसऱ्या यंत्राची एक कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. हायड्रोजनचा जो आकडा त्यातून आला, तो रसायनशास्त्रज्ञांच्या आकड्याशी इतका जुळला की सर्वांचे समाधान झाले. पण 1929 मध्ये ऑक्सिजनचेही जड समस्थानिक सापडले आणि दोन मोजपट्ट्यांत सूक्ष्म फरक पडला. मग तो जुळणारा आकडाच खुपू लागला. हायड्रोजनचा एखादा जड भाऊ दडलेला असला पाहिजे, असे 1931 मध्ये दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी सुचविले. हॅरल्ड युरी यांनी शोध घेतला आणि ड्युटेरियम सापडले. जड पाणी म्हणतात ते याचेच. गंमत अशी की, पुढे अधिक अचूक मापन झाले तेव्हा ॲस्टन यांचा तो आकडाच किंचित चुकलेला निघाला. तो बरोबर असता तर विसंगती दिसलीच नसती आणि ड्युटेरियमच्या शोधाला तरी ते निमित्त मिळाले नसते. ॲस्टन यांनी नंतर स्वतःच सुधारलेला आकडा प्रसिद्ध केला.

माणूस म्हणून ते कसे होते? अविवाहित राहिले. ट्रिनिटी कॉलेजच्या आवारातच आयुष्य काढले. व्हायोलिन आणि सेलो वाजवीत, बर्फावर घसरण्याचे व टेनिसचे त्यांना वेड होते, मोटारसायकलींवर प्रेम होते आणि समुद्रप्रवास तर जीव की प्राण. सूर्यग्रहणे पाहण्यासाठी निघालेल्या मोहिमांबरोबर ते सुमात्रा, कॅनडा व जपान येथे गेले. छायाचित्रणात हात तयार असल्याने अशा मोहिमांना ते हवेच असत. शिकविण्यात मात्र त्यांना रस नव्हता. शिष्यशाखा त्यांनी उभी केली नाही, प्रयोग एकट्याने केले. हा त्यांच्या स्वभावातील उणेपणा होता असे आमचे मत आहे. 1930 नंतर अमेरिकेत डेम्प्स्टर व बेनब्रिज, युरोपात माटाउख यांनी अधिक सरस यंत्रे बनविली, तेव्हा ॲस्टन आपल्या तिसऱ्या यंत्राशी एकटेच झुंजत होते. यंत्राच्या जोडीला तरुण हात असते तर ते मागे पडले नसते. तरीही निसर्गात सापडणाऱ्या समस्थानिकांपैकी 212 एकट्या त्यांनी ओळखले.

अणूच्या पोटात किती ऊर्जा दडली आहे हे ज्याने मोजले, त्याला तिचा धाकही आधीच कळला होता. स्टॉकहोमच्या व्याख्यानातच त्यांनी सांगून ठेवले होते की, ही ऊर्जा एकदा मोकळी करता आली तर मानवाच्या हाती कल्पनेपलीकडचे सामर्थ्य येईल. पण ती आवाक्याबाहेर गेली तर पृथ्वी एखाद्या नव्या ताऱ्यासारखी पेटलेली दुरून कोणाला दिसेल. पुढे 1936 मध्ये त्यांनी पुन्हा म्हटले की, ही ऊर्जा आज ना उद्या माणूस सोडविणारच, त्याला कोणी अडवू शकत नाही. तिचा उपयोग केवळ शेजाऱ्याला उडवून देण्यासाठी होऊ नये, एवढी आशा करावी. नऊ वर्षांनी हिरोशिमावर बाँब पडला. त्यातील युरेनियम वेगळे करण्यासाठी अमेरिकेतील ओक रिज येथे जी प्रचंड यंत्रे चालविली गेली, त्यांत अणूंना विजेने पळवून चुंबकाने वळविण्याचे, म्हणजे वर्णपटलेखकाचेच तत्त्व होते. 20 नोव्हेंबर 1945 रोजी, त्या स्फोटानंतर साडेतीन महिन्यांनी, ॲस्टन केंब्रिज येथे वारले. आपली मिळकत त्यांनी मुख्यतः ट्रिनिटी कॉलेजला ठेवली.

त्यांच्या यंत्राचा खरा विस्तार त्यांच्यामागे झाला आणि तो अणूंपेक्षा रेणूंच्या क्षेत्रात अधिक झाला. एखाद्या अनोळखी पदार्थाच्या रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा केला की तो भारित होतो आणि पुष्कळदा फुटतो. त्याचे तुकडे वजनावारी वेगळे केले की रेणूची बांधणी वाचता येते. पूर्ण रेणूच्या वजनातून 15 कमी झाले तर कार्बन व तीन हायड्रोजन यांचा गट गळला, 18 कमी झाले तर पाणी गेले, असा हा हिशेब असतो. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या जुळवून मडके ओळखावे, तसे हे काम आहे. प्रथिनांसारखे अवाढव्य रेणू न जाळता, न मोडता उडविण्याच्या युक्तीला 2002 मध्ये नोबेल मिळाले. आज नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबावरून जन्मजात विकार ओळखतात, खेळाडूंनी घेतलेली उत्तेजके पकडतात, औषधांची शुद्धता तपासतात, ते याच पद्धतीने. 14 नोव्हेंबर 2008 रोजी चांद्रयान-1 मधून सोडलेली कुपी चंद्राकडे कोसळत असताना तिच्यातील अशाच एका छोट्या उपकरणाने तेथील अतिविरळ वातावरणात पाण्याची चाहूल टिपली. मंगळयानावरही तसे एक उपकरण होते.

आमच्या द्राक्षबागायतदार पालकांना मात्र ते अधिक जवळून माहीत असेल. 2010 साली महाराष्ट्रातून युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढरोधकाचा अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकून पडले. अंश होता किलोमागे मिलिग्रॅमच्या अपूर्णांकाचा. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांची ही तपासणीही काटेकोर झाली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हे अशा चाचण्यांचे प्रमुख ठिकाण आहे. द्राक्षाचा रस यंत्रात सोडतात आणि त्यात हे द्रव्य असेल तर 122 या वजनाशी त्याची खूण मिळते. पण तेवढ्यावर तपासनीस भागवत नाहीत. 122 वर दुसरेही काही असू शकते. ते 124 वरही पाहतात. या द्रव्याच्या रेणूत क्लोरीनचा एक अणू असतो आणि क्लोरीन दोन वजनांचा आहे. म्हणून तेथे दुसरी, पहिलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची खूण हमखास असते. दोन्ही खुणा त्या प्रमाणात मिळाल्या की अहवालावर अंश असल्याची नोंद होते.